कुंडीवैद्य

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणूस चपला काढतो, हवापाण्याचं बोलतो, पंखा कुठे आहे ते बघतो. आमचे काका कुंडी शोधतात. सापडली, की तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसतात, डोळे मिटतात आणि विचारतात, "रोज पाणी घालता ना?" यजमान अभिमानानं हो म्हणतो. मग काका बोट बाहेर काढून त्याच्याकडे असं बघतात, की आपण कुणाला तरी विहिरीत ढकलून आलोय असं त्याला वाटावं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला हा माणूस नोकरीच्या निमित्तानं गाझियाबादला आला आणि इंदिरापुरमच्या एका उंच इमारतीत नवव्या मजल्यावर रुजला. नोकरी सुटल्यावर त्यांनी कार्ड छापलं : 'वानिकी, उद्यानविद्या व वनस्पती-आरोग्य सल्लागार'. हिंदीत ते आणखी भारदस्त दिसतं. पण एखाद्या सोसायटीत बोलावणं आलं, की फाटकावरचा गार्ड ते कार्ड दोन्ही बाजूंनी वाचतो आणि वहीत 'काम' या रकान्यात लिहितो : माली. काका दर वेळी हुज्जत घालतात. एकदा फारच तापले, तेव्हा गार्डनं नमतं घेऊन आधी एक शब्द वाढवला : बड़ा माली.

काकांच्या धंद्याची खरी अडचण मात्र गार्ड नव्हे, निदान आहे. शंभरातल्या नव्वद कुंड्यांचा रोग एकच असतो : मालक. त्यावर औषध एकच : पाणी कमी करा, खत थांबवा आणि महिनाभर तिच्याकडे फिरकू नका. आता 'काही करू नका' या सल्ल्याचे ५०० रुपये कोण देणार? सुई न टोचणाऱ्या डॉक्टरवर आपला तरी कुठे विश्वास बसतो! मावा, पिठ्या ढेकूण, निदान वाळवी तरी निघावी अशी लोकांची अपेक्षा असते. पिठ्या ढेकूण निघाला तर घरात समाधान पसरतं. आपल्या मनीप्लांटला रीतसर काहीतरी झालंय म्हणायचं.

यावर काकांनी शोधलेली युक्ती मी त्यांचं आयुष्यातलं सर्वांत मोठं संशोधन मानतो. चिठ्ठीवर ते 'पाणी देऊ नये' असं लिहीतच नाहीत. ते सांगतात, "भाभीजी, पौधे का व्रत है. पंद्रह दिन." व्रत म्हटलं की उत्तर प्रदेशात पुढे प्रश्न नसतो. फक्त एका बाईंनी चाचरत विचारलं होतं, "व्रत में दूध चलेगा?"

थंडीत हे व्रतसुद्धा उपयोगी पडत नाही. कोकणात काठी खोचली तरी पालवी फुटते. इथे जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे धावतो आणि जानेवारीत धुक्यात ४-५ अंशांवर येतो. तुळस त्या गारठ्यानं काळी पडते. लोक तिला लाल चुनरी पांघरतात हे ठीक, पण रोज सकाळी तांब्याभर गार पाणी घालणंही सोडत नाहीत. "न्यूमोनियाच्या पेशंटला शाल गुंडाळायची आणि पाय बर्फात ठेवायचे!" काका करवादतात. पण तुळशीला व्रत सांगायची हिंमत त्यांनाही होत नाही.

त्यांचं दुसरं दुखणं म्हणजे फरशा. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं सिमेंट काढून एक मीटर माती मोकळी ठेवायला सांगितलं. तेव्हापासून काकांच्या खिशात टेप असते. आमच्या आवारातल्या गुलमोहराच्या बुंध्याला फरशी अगदी गळ्याला कॉलर बसावी तशी बसलेली. काकांनी टेप लावली. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "डॉक्टर साब, वो दिल्ली का ऑर्डर है, हम यूपी में हैं." तेही खरंच. दिल्लीचं आनंद विहार ओलांडलं की गाझियाबादचं कौशांबी. रस्ता तोच, धूळ तीच, राज्य वेगळं. काका आठवडाभर ज्याला त्याला विचारत होते, की मुळांना ही हद्द कुणी दाखवून दिली आहे का.

आणि ते पिंप! जैविक व नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय केंद्र आहे गाझियाबादेतच. तिथून २०१५च्या सुमारास 'वेस्ट डीकंपोजर' निघालं. देशी गाईच्या शेणातून वेगळे काढलेले सूक्ष्मजीव, बाटली तेव्हा २० रुपयांची. २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ विरघळवायचा, बाटली ओतायची, रोज काठीनं ढवळायचं. आठवड्याभरात द्रावण तयार. काकांनी भर जूनमध्ये तळघरातल्या पार्किंगमध्ये पिंप मांडलं. चौथ्या दिवशी गुळाचा तो ओळखीचा आंबूस दरवळ लिफ्टमधून वर चढला. रात्री दोन रहिवासी रिकाम्या बाटल्या घेऊन दबकत खाली आले आणि भाव विचारू लागले. अखेर लोकांना खताची गोडी लागली, या आनंदात काकांनी त्यांना अर्धा तास कचरा कुजवण्याची प्रक्रिया सांगितली आणि वर बजावलं, "पाणी मिलाके पतला करना, नहीं तो जल जाएगा." भेसळ करा असं विकणाराच तोंडानं सांगतोय, हे त्या दोघांनी उभ्या जन्मात पाहिलं नसावं.

मराठी मंडळींच्या गणपतीत मात्र काकांना बोलवावं लागतं आणि त्याचा पश्चात्तापही करावा लागतो. एकवीस पत्री कुणाला ओळखता येतात? गेल्या वर्षी गुरुजी 'देवदारुपत्रं' म्हणाले आणि काकांनी त्यांचा हात धरला. "हा देवदार नव्हे, अशोक. आणि हा अशोकसुद्धा खोटा. खरा तो सीताअशोक, त्याला केशरी फुलं येतात." शमी म्हणून आलेली फांदी विलायती किकर निघाली. पूजा वीस मिनिटं थांबली, मोदक निवले. अखेर काकूंनी एका नजरेनं काकांना खाली बसवलं. दसऱ्याला तेच. इथे कचनार जागोजागी, म्हणून लोक त्याचीच पानं आपटा म्हणून वाटतात. कुणी हातावर ठेवली, की काका पान उलटसुलट करून म्हणतात, "सोनं बेन्टेक्सचं आहे," आणि खिशात टाकतात.

काकूंचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांचा कढीपत्ता सांगायला हवा. रंगाच्या जुन्या डब्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तो माणसाच्या खांद्याएवढा झालाय. काकांना त्या खिडकीकडे जायची बंदी आहे. मी कारण विचारलं, तर काकू म्हणाल्या, "चांगलं चाललंय ना त्याचं? मग डॉक्टर कशाला?"

परवा आम्ही दोघं वैशाली भागातल्या एका मॉलमध्ये गेलो होतो. सरकत्या जिन्याशेजारी मोठ्या पितळी कुंडीत एक तकतकीत, हिरवंगार झाड उभं होतं. काकांची पावलं तिकडे वळली. मी ओरडणार तोवर तर्जनी आत गेली होती. डोळे मिटले. बराच वेळ गेला. आत थर्माकोल होता. काकांनी बोट बाहेर काढलं, रुमालाला पुसलं आणि ते झाडाकडे कितीतरी वेळ आदरानं बघत राहिले.

"मुळांशी पाणी अजिबात साचत नाही," ते म्हणाले. "मालक समजूतदार आहे."