सवडशास्त्री

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत काकांना आडनावाने कोणी ओळखत नाही. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते एमेकाका. एमे झाले म्हणून नव्हे, चालू आहे म्हणून.

काकांनी छत्तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली. सकाळची फास्ट कधी चुकली नाही आणि संध्याकाळचा हिशेब पैशानेही चुकला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात इतिहासाच्या एमएला नाव घातलं. पदवी कमीत कमी 2 वर्षांत पुरी करता येते, जास्तीत जास्त 4 वर्षांत. बाकीचे विद्यार्थी यातला पहिला आकडा वाचतात. काकांनी दुसरा वाचला.

"घाई कसली? इतिहास आहे तो. होऊन गेलाय. आता थोडाच बदलणार आहे?"

तयारी मात्र जय्यत. नवं टेबल, वाकणारा दिवा, शाईचं पेन, दोन रीम फुलस्केप. "आमच्या लग्नात एवढा बस्ता बांधला नव्हता," काकू म्हणाल्या. व्याख्यानं मोबाइलवर ऐकता येतात, हवी तेव्हा थांबवता येतात, आणि या थांबवता येण्यानेच घात केला. दोन वाक्यं झाली की काका बटण दाबणार, टिपण काढणार, टिपणाखाली पट्टीने रेघ मारणार. अर्ध्या तासाचं व्याख्यान मंगळवारी सुरू झालं की शनिवारी संपतं.

पहिल्या वर्षाची पुस्तकं तशीच ठेवून त्यांनी दुसऱ्या वर्षाची इतिहासलेखनाची उघडली, कारण त्यांत राजवाडे असणार असं त्यांना वाटलं. मग राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा 1898चा पहिला खंड मिळवला. तो वाचताना वाटलं, मूळ कागद वाचता आले पाहिजेत. म्हणून मोडी. तीन महिने घरात मोडीचे तक्ते लटकत होते. सरावासाठी वाणसामानाची यादीही मोडीत गेली. वाण्याने ती डॉक्टरची चिठ्ठी समजून समोरच्या मेडिकलमध्ये पाठवली.

एवढ्यात असाइनमेंटची तारीख येऊन गेली. अंतिम निकालात तिला 30 टक्के वजन असतं, हे मीच त्यांना सांगितलं. काका शांत. "पुढच्या सत्रात देऊ." जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा होतात, त्यामुळे काकांना पुढचं सत्र नेहमी हाताशी असतं.

खरा कहर भारतातल्या नागरीकरणाच्या पेपरने केला. हडप्पा संस्कृतीच्या विटा कुठेही घ्या, जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण 1:2:4. ज्याने जन्मभर बंडलं जुळवली त्याला हे वाचून काय झालं असेल! काका टेप घेऊन खाली उतरले आणि कंपाउंडच्या भिंतीचं प्लास्टर जिथे पडलंय तिथे विटा मोजू लागले. एकही जुळेना. तिथून नजर गटाराकडे गेली. वार्षिक सभेत ते उभे राहिले. "मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी गटारांवर झाकणं होती. आपल्या सी विंगसमोर आजही नाही." इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलं, ‘श्री. मोहन दरो यांच्या इमारतीप्रमाणे झाकण बसवावे.’ बसलं! एमे करून सोसायटीचं भलं केलेला दुसरा माणूस मला तरी ठाऊक नाही.

पण उत्तर काही लिहून होईना. हडप्पाचे धागे महाराष्ट्रातही पोचले होते, प्रवरेकाठच्या दायमाबादला. 1974 साली तिथे ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. जागा बघितल्याशिवाय लिहिणं म्हणजे न मोजता सही करणं, असं म्हणून काका श्रीरामपूरकडे निघाले. दिवसभर ढेकळं तुडवून, टाचेत काटा घेऊन परतले. "काय दिसलं?" काकूंनी विचारलं. "काही नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र पंढरपूरहून आल्यासारखा.

अखेर गेल्या डिसेंबरात ते परीक्षेला बसले. पाच प्रश्न, प्रत्येकी 20 गुण, वेळ तीन तास. मी स्कूटर घेऊन आणायला गेलो. काका सगळ्यात शेवटी बाहेर आले. बोटं शाईने निळी, डोळे चमकत होते.

"विटांचा प्रश्न आला रे!"

"बाकीचे चार?"

"कुठून? गटारापर्यंत आलो आणि घंटा झाली. पुरवणी लावली होती, आकृतीसह. चार राहिले ते जूनमध्ये बघू."

मी किक मारली. काका बसेनात. केंद्राच्या भिंतीचं प्लास्टर एका कोपऱ्यात पडलं होतं. त्यांनी खिशातून टेप काढला, दोनदा मोजलं आणि माझ्याकडे वळले.

"ही जवळपास आहे. लिहून घे."