जागेवरची गाडी

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत गाड्या चाळीसेक असतील, पण ‘गाडीवाले काका’ एकच. बाकीचे गाडी वापरतात. काका गाडी बाळगतात. ऑफिसला ते आठ तेवीसच्या फास्टनेच जातात. मुंबईत लोकललाही गाडीच म्हणत असल्याने घोटाळा होतो. ‘गाडी चुकली’ म्हणाले तर ती आठ तेवीसची. खालची कधी चुकत नाही, कारण ती सुटतच नाही.

सुटत नाही याचे कारण जागा. इमारत बांधणाऱ्याच्या डोक्यात स्कूटरपलीकडचे वैभव नव्हते. जिन्याजवळची ती मोक्याची जागा सोडली, तर परत येईपर्यंत तिथे दुसरे कुणी ठाण मांडणार. म्हणून दर रविवारी काका गाडी पुसतात, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करतात आणि दोन फूट पुढे, दोन फूट मागे घेतात. मी एकदा हिशेब केला : वर्षाला ५२ रविवार, म्हणजे २०८ फूट. लोकलचे जेमतेम तीन डबे. पंधरा डब्यांची गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायला त्यांना पाच वर्षे लागतील. (हे त्यांना सांगितले नाही. शेजारधर्म आहे.)

गाडी घेताना त्यांनी काकूंना कारण दिले होते एसीचे. पुढे २५ डिसेंबर २०१७ ला देशातली पहिली एसी लोकल सुटली, तीही नेमकी बोरिवलीहून. रेल्वेने आपल्यावर दात धरला आहे, हे काकांचे मत त्या दिवशी पक्के झाले. उलट ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. दहिसर नाका घरापासून हाकेच्या अंतरावर. तो त्यांच्या गाडीने पाहिलेला नाही.

मात्र लोकलच्या गर्दीत काकांइतका गाडीचा कैवारी दुसरा नाही. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून, अर्धे अधांतरी ठेवून ते बजावतात, “आपली गाडी ती आपली गाडी. पाहिजे तेव्हा निघा!” समोरचा हळूच विचारतो, “मग आज का नाही काढली?” काका खिडकीबाहेर बघतात. जोगेश्वरी येते.

मागच्या महिन्यात मात्र काढली. भाच्याचे लग्न, दादरला. काकू शालू नेसून पुढे, मागे आहेराची पिशवी आणि लिफ्ट मागणारा मी. हायवेवर दोन तास काका पुढच्या ब्रेकलाइटकडे बघत पुटपुटत होते, “आत्ता अंधेरी आली असती... आत्ता बांद्रा...” हॉलसमोर आम्हाला उतरवून ते जागा शोधायला गेले. मंगलाष्टका झाल्या, पहिली पंगत उठली, दुसरी बसली. काकूंनी फोन केला तर “आलोच” एवढेच उत्तर, मागे कसलीशी उद्घोषणा.

अखेर तिसऱ्या पंगतीला काका घामाघूम होऊन टेकले.

“अहो, गाडी कुठे लावलीत?”

“जागेवर,” जिलबी पानात घेत काका म्हणाले. “बोरिवलीला. येताना फास्ट मिळाली.”