नव्या डिस्कचा गृहप्रवेश

हार्ड डिस्क बदलणे हे चार स्क्रूंचे काम. खरी परीक्षा त्यानंतर, विंडोज नव्याने टाकताना. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो तयार करायला दुसरा, धडधाकट संगणक. म्हणजे शेजारधर्म आधी, तंत्रज्ञान नंतर. खोक्यावर १ टीबी छापलेली डिस्क पडद्यावर ९३१ जीबी दिसते. चोरी झालेली नसते. डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज १०२४ने. विंडोज ११ मग इंटरनेट मागते. वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट नाही, आणि ड्रायव्हर असतो इंटरनेटवर! मोबाइल यूएसबी केबलने जोडून नेट पुरवणे हा उतारा बहुधा लागू पडतो. पुढे स्थान, निदान, जाहिराती यांसाठी संमती विचारली जाते; होकार आधीच भरून ठेवलेला असतो, पाहुण्याने फक्त मान डोलवायची. परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला असल्याने सहसा आपोआप परततो. बारशाचे फोटो परतत नाहीत. त्यांच्यासाठी बॅकअप लागतो, आणि तो जुनी डिस्क जाण्यापूर्वी घ्यायचा असतो.