ट्रेनिंग झाले, सही करा

(एका खासगी हॉस्पिटलच्या एचआर साहेबांना अनावृत पत्र)

मा. एचआर साहेब,
स. न. वि. वि.

लिफ्टशेजारी लावलेला नवा फलक पाहिला. आमच्या कुठल्याच वॉर्डात आजवर न दिसलेली एक इस्त्रीबंद सिस्टर हसत हसत जिना चढते आहे आणि वर लिहिले आहे, 'आमच्यासोबत घडा, आमच्यासोबत वाढा'. फलक झकास आहे. हा जिना कोणत्या मजल्यावर आहे तेवढे कळले नाही, म्हणून पत्रास कारण.

आधी आभार मानते. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या निकषाप्रमाणे नर्सने दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे १५० तास दाखवायचे. हे तास आम्ही कुठून आणणार याची काळजी तुम्ही कधी केली नाहीत, त्यामुळे आम्ही स्वावलंबी झालो. कॉन्फरन्सची फी आमची, एसटीचे तिकीट आमचे, दिवस आमच्या वीकली ऑफचा. परत आल्यावर सर्टिफिकेटची झेरॉक्स मात्र तुमच्या फाइलला लागते, कारण हॉस्पिटलला मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या तपासनिसांना आमचा स्टाफ सतत शिकत असतो हे दाखवायचे असते. दाखवा की. खोटे थोडेच आहे!

हॉस्पिटलच्या आतल्या ट्रेनिंगबद्दल मात्र तुमची पाठ थोपटायलाच हवी. नाइट संपते आठला. ओव्हर देता देता साडेआठ होतात. मग बेसमेंटच्या हॉलमध्ये या, असा निरोप येतो. गेल्या वेळी विषय होता रुग्णसुरक्षा. रात्रभर उभ्या असलेल्या बायका आणि ब्रदर थंडगार एसीत डोळे ताणून ऐकत होते, की झोप न झालेल्या नर्सच्या हातून औषधाच्या चुका होतात. पुढच्या रांगेतली एक मुलगी तेवढ्यात पेंगली. ती पेंगली नव्हती साहेब, तुमच्या मुद्द्याचे प्रात्यक्षिक देत होती. नंतर चाचणी झाली. 'पहिल्याचे उत्तर बी, दुसऱ्याचे डी' असे खुद्द शिकवणाऱ्यांनीच सांगितल्यामुळे सगळ्यांना दहापैकी दहा.

आणि हे तर जे ट्रेनिंग खरोखर झाले त्याचे. जी झालीच नाहीत ती आणखी उत्तम होती. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी रजिस्टर वॉर्डात आले. मागच्या तारखा घालून तयार. इनचार्ज सिस्टरने आमच्यापुढे तीन पेने ठेवली: एक निळे, एक काळे आणि एक वेगळ्या शाईचे निळे. जानेवारीची सही एकाने, मार्चची दुसऱ्याने. बसल्या बैठकीत सगळ्यांनी वर्षभराचे ज्ञान मिळवले. मग कॉरिडॉरमध्ये घोकंपट्टी: हात धुण्याचे पाच क्षण कोणते, आग लागली तर काय, कोड पिंक म्हणजे काय. कोड पिंक म्हणजे बाळ चोरीला जाणे, हे आता आमच्या मावशीसुद्धा झोपेत सांगतील. आमच्याकडे प्रसूती विभागच नाही, ही किरकोळ बाब.

खरे शिकणे कुठे होते, ते तुमच्या माहितीसाठी सांगते. पहाटे तीनच्या सुमारास आयसीयूत. नवी मुलगी मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत असते. आकडा बरा असतो. जुनी सिस्टर तिचा खांदा धरून तिला पेशंटकडे वळवते. "आकडा नंतर बघ. आधी मान बघ. श्वास घेताना गळ्याचे स्नायू ओढले जातायत ना? हा दमत चाललाय. डॉक्टरांना आत्ता उठव." मुलगी फोन करते, आणि आकडा घसरण्याआधीच डॉक्टर खाटेपाशी असतात. या तासाला रजिस्टर नाही, क्रेडिट नाही. शिकवणाऱ्या सिस्टरच्या वाट्याला त्याच वेळी दोन व्हेंटिलेटर होते. तुमच्याच मॅन्युअलमध्ये व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स असे छापले आहे. मॅन्युअलची बाइंडिंग सुरेख आहे.

आता या सिस्टरची बढती. इतका पारखी हात आणि नजर असलेल्या बाईचे काय करावे? तुम्ही तिला इनचार्ज केलेत. आता ती ड्युटी लिस्ट लावते, इंडेंट भरते, विम्याच्या टीपीएकडे अडकलेली डिस्चार्जची फाइल हुडकते आणि बेडशीटचा हिशेब ठेवते. पेशंटजवळ जायला तिला वेळ नाही. आमच्या धंद्यात वर जायचे म्हणजे खाटेपासून लांब जायचे. सरकारी खात्यातही शिडी तशीच आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका, आणि दर पायरीला पेशंट मागे पडतो. पण निदान पायऱ्यांना नावे तरी आहेत, पगाराची श्रेणी तरी आहे. काउन्सिलने अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तो करून कोणी आली तर तुमच्या पदांच्या यादीत तिला कुठे बसवाल? मी यादी पाहिली. 'स्टाफ नर्स' आणि 'स्टाफ नर्स (सीनियर)'. कंसातली बढती मी प्रथमच पाहिली.

माझी मैत्रीण जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविकाधारक. पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायची म्हणून दोन वर्षांची बिनपगारी रजा मागायला तुमच्या केबिनमध्ये आली होती. बिनपगारी हां साहेब, एक रुपयाही मागितला नव्हता. तुम्ही म्हणालात, "शिकून आलीस की तू थांबणार थोडीच!" काय दूरदृष्टी! तिने राजीनामा दिला, शिकली आणि थांबली नाही. पगाराचेही तसेच. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सुचवले होते, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. हे कोणी काढले की तुम्ही शांतपणे म्हणता, "शिफारस आहे, सक्ती नाही." कायद्याचे एवढे बारीक वाचन आमच्याकडून नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेताना कुठे जाते?

म्हणून संध्याकाळी आमचे निम्मे हॉस्टेल जर्मनचे धडे गिरवते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात आमच्यासारख्यांची मागणी आहे. नाइट करून आलेली मुलगी 'डेर, डी, डास' पाठ करते, बी-टूची परीक्षा देते. बेसमेंटमध्ये पेंगणारी तीच ही. तिथे पेंगत नाही.

तर विनंती विशेष अशी. माझ्या जीएनएमच्या मूळ गुणपत्रिका आणि नोंदणीचे प्रमाणपत्र रुजू होताना 'पडताळणीसाठी' म्हणून तुमच्याकडे जमा झाले, त्यांची पडताळणी अजून चालूच आहे. मूळ कागद अडकवून ठेवू नयेत, असे काउन्सिलने बजावलेले आहे. पुढच्या सोमवारी माझी मॉर्निंग आहे. दोनला ओव्हर देऊन थेट तुमच्या केबिनला येते. कपाटाची किल्ली तयार ठेवावी. किल्लीवाले साहेब ट्रेनिंगला गेलेत, असे कृपया सांगू नये. ट्रेनिंगला कसे जातात ते मला माहीत आहे.

कळावे,
आपली,
स्टाफ नर्स (सीनियर)