चाकामागचा दगड

(रंगमंचावर एक लाकडी स्टूल. शेजारी नारळाएवढा काळा दगड. कलाकार हातात बारा-तेराचा पाना घेऊन येतो. आधी दगडाला वाकून नमस्कार करतो, मग प्रेक्षकांना.)

नमस्कार हर्सूलकर! हसू नका, पहिला नमस्कार ह्याचाच होता. चढावर ट्रक बंद पडला की क्लीनर खाली उडी मारतो आणि सगळ्यात आधी काय शोधतो? ड्रायव्हरची चप्पल नाही, देवाचा फोटो नाही. हा दगड शोधतो! ह्याला कंपनी नाही, वॉरंटी नाही, सर्व्हिसिंग नाही, आणि ह्याचं ब्रेक ऑईल आजवर कधी गळलेलं नाही. आज ह्याच्या साक्षीनं मला एकच मुद्दा मांडायचाय. घरच्या अंगणात पहिल्यांदाच हॉट रॉड बांधायला निघालेल्या माणसानं आधी थांबायची सोय करावी, पळायची नंतर. इंजिन सगळ्यात शेवटी. आता हॉट रॉड म्हणजे काय? जुनी गाडी आणायची, तिच्या अंगावरचं जड ते उतरवायचं आणि पोटात मोठं इंजिन बसवायचं. म्हणजे आजोबांच्या हातातली काठी काढून घ्यायची, छातीत पैलवानाचं काळीज बसवायचं आणि म्हणायचं, "अण्णा, पळा!" अण्णा पळतील हो. काळजाची हमी आहे. प्रश्न गुडघ्यांचा आहे!

माझं म्हणणं हवेतलं नाही, ह्याला पुरावा हॉट रॉडच्या माहेरचा आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या आसपास बनल्या. पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत! पायाचा ब्रेक दाबला की तो गिअरबॉक्सला पकडायचा. माणूस थांबवायचा तर त्याचा पाय धरायचा सोडून कमरेचा पट्टा धरण्यासारखं. मग १९३२ साली फोर्डनं स्वस्त गाडीत व्ही-एट इंजिन दिलं, पासष्ट हॉर्सपॉवरचं, आणि कॅलिफोर्नियातली पोरं त्या गाडीवर तुटून पडली. पण ब्रेक? ते अजून सळयांवर. पायानं दाबायचं, सळई ओढली जायची, आणि चार सळयांपैकी एक जरी सैल असली तरी गाडी थांबायच्या ऐवजी वळायची. हायड्रॉलिक ब्रेक क्रायस्लरनं १९२४ सालीच आणले होते. फोर्डला ते पटायला १९३९ उजाडलं. आता गंमत बघा. ज्यांना आपण वेगाचे वेडे म्हणतो, त्या पोरांनी काय केलं? नव्या फोर्डचे ब्रेक काढून बत्तीसच्या गाडीला बसवले. आजही जुन्या चालीची हॉट रॉड बांधणारे लोक १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेक शोधत फिरतात. म्हणजे पूर्ण वेड्या माणसालासुद्धा एक गोष्ट कळली होती: वेड परवडायचं असेल तर ब्रेक शहाणे पाहिजेत.

(पाना स्टुलावर ठेवतो.) तुम्ही म्हणाल, "पण तिकडं तर पोरं तुफान पळवत होती." होती ना! कुठं? कोरड्या पडलेल्या तलावांत. मैलोन् मैल सपाट जमीन, समोर ना झाड ना जावई. १९३७ साली त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात संघटना काढली आणि त्या तलावांतल्या शर्यतींना नियम लावले. तलाव आपल्याकडंही आहे. पण हर्सूलचा तलाव कोरडा पडला तर त्यात हॉट रॉड पळत नाहीत, गावात टँकर पळतात! तेव्हा आपला हिशोब आपल्या रस्त्यावर मांडू. ताशी चाळीसनं जाताना समोर म्हैस दिसली. डोक्यातून पायात निरोप पोचायला एक सेकंद धरा. तेवढ्यात गाडी अकरा मीटर गेली. मग कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असतील तर आणखी नऊ मीटर. एकूण वीस. म्हैस वाचली. आता ताशी ऐंशी. वेग दुप्पट, म्हणून अंतर दुप्पट, असं म्हशीला वाटतं. निरोपाला बावीस मीटर, आणि थांबायला छत्तीस! कारण वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्येच जिरावी लागते. एकूण अठ्ठावन्न मीटर. जिथं वीस पुरायचे तिथं अठ्ठावन्न. आणि ही गोष्ट चांगल्या ब्रेकची! ब्रेक जर जुन्या पद्मिनी गाडीचे असतील, चाळीसएक हॉर्सपॉवरच्या जिवासाठी दिलेले चार ड्रम, आणि वर तुम्ही शंभर हॉर्सपॉवर बसवली असेल, तर ड्रम तापणार, लायनर तापणार, आणि पेडल जमिनीला टेकलं तरी गाडीला काही फरक पडणार नाही. मग हर्सूलमध्ये मुक्कामाची ठिकाणं तीनच. टी-पॉइंट, कारण तिथं एका बाजूनं येणाऱ्याला समोर रस्ताच नाही. तलाव, कारण तो भरलेला असेल. आणि कारागृह, कारण तिथं ब्रेक लागतोच, आणि चांगला काही वर्षांचा लागतो!

(प्रेक्षकांतून कुणी बोलल्यासारखं कानाला हात लावतो.) काय म्हणालात? "आपल्या महाराष्ट्रात लोकांनी घरी गाड्या बांधल्यात, त्यांनी कुठं एवढा ब्रेकचा काथ्याकूट केला?" चांगला मुद्दा आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ पासून 'मीरा' नावाची छोटी गाडी घडवली. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार! यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. लोहारांनी मुलाची हौस म्हणून भंगारातून चारचाकी बांधली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि सुरू कशी होते? मोटारसायकलसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, नव्या बोलेरोच्या बदल्यात ती मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदलही झाली. आता ह्यातून धडा काय घ्यायचा? भंगारातून बोलेरो निघते, हा? मग उद्या अख्खं गाव पत्रा ठोकत बसेल! धडा वेगळा आहे. लोहारांची गाडी हलकी आहे आणि इंजिन दुचाकीएवढं. जेवढी भूक तेवढंच ताट. तिथं थांबायची गरजच लहान ठेवली आहे. म्हणजे त्या गाडीत माझा मुद्दा खोटा पडत नाही, उलट खरा ठरतो. हॉट रॉडवाला नेमकं उलटं करतो. ताट तेच आणि भूक शंभराची!

आता सगळ्यात मोठा आक्षेप. (आवाज जाड करून) "अहो, कायद्यानं हे चालतच नाही, मग ब्रेक आधी की इंजिन आधी, वाद कशाला?" बरोबर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. महिंद्रांनीसुद्धा लोहारांचं कौतुक करता करता हेच म्हटलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही. म्हणजे एमएच-२० ची पाटी लावून जळगाव रोडवर मिरवायचं स्वप्न बघत असाल तर आत्ताच जागे व्हा. पण मंडळी, कायदा म्हणजे तरी काय? ब्रेकच की! तो गाडी बांधू नका म्हणत नाही. तो म्हणतो, माझ्या परवानगीशिवाय लोकांच्या रस्त्यावर आणू नका. स्वतःच्या कुंपणाच्या आत, बंद ट्रॅकवर, स्पर्धेत, हौस भागवायला जागा आहे. मध्य प्रदेशात पीथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा स्पर्धा भरते. पोरं स्वतः गाडी बांधून नेतात. इंजिन सगळ्यांना सारखंच, छोटंसं. आणि शर्यतीत उतरायच्या आधी पास व्हावीच लागते अशी परीक्षा कसली? ब्रेकची! पळत्या गाडीचा ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. तीन झाली तर? बाजूला व्हा. तुमचं इंजिन कसं गातं हे कुणी विचारतसुद्धा नाही.

तेव्हा अंगणातला क्रम लिहून घ्या. आधी चासी सरळ करा. मग चाकं आणि स्टिअरिंग. मग ब्रेक: मास्टर सिलिंडर नवा, पाइप नवे, लायनर नवे. इथं काटकसर केलीत तर वाचलेले पैसे दवाखान्यात भरावे लागतात. ब्रेक ऑईलचा डबा उघडा ठेवू नका, ते हवेतलं पाणी पितं. पाण्याचं प्रमाण वाढलं की लवकर उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबले जात नाहीत. मग येतं सगळ्यात अवघड काम, ब्रेकमधली हवा काढणं. ह्याला दोन माणसं लागतात. एक आत पेडलवर, एक खाली निप्पलवर. (स्टुलावर बसून पाय दाबतो.) "दाब!" "दाबलं!" "धरून ठेव!" "धरलंय!" "सोड!" "कधी?" "आत्ता नाही, मी म्हणेन तेव्हा!" "आत्ता तर म्हणालास!" (उठतो.) लग्न ठरवताना छत्तीस गुण जुळवतात. मी म्हणतो एक तास दोघांना ब्रेकची हवा काढायला बसवा. हवा निघाली तर लग्न लावा, दोघांमध्ये हवा राहिली तर नका लावू!

"मग मजा काय राहिली?" हा शेवटचा आक्षेप, आणि तोच सगळ्यात खोटा आहे. ज्याचा ब्रेकवर विश्वास नाही, तो माणूस शंभर हॉर्सपॉवर घेऊनही बैलगाडीच्या मागं मागं जातो. प्रत्येक वळणावर पाय आधीच उचलून ठेवतो. ज्याला थांबता येतं, त्यालाच पळायचा धीर होतो. ब्रेक वेगाचा वैरी नाही, जामीनदार आहे. म्हणून अंगणात तुमची गाडी उभी राहील तो पहिला दिवस डोळ्यासमोर आणा. चाकं आहेत, ब्रेक आहेत, बॉनेटखाली मात्र रिकामं. शेजारी कुंपणावरून डोकावणारच. (मान तिरकी करून) "काय भाऊ, चालते का गाडी?" बिलकूल लाजायचं नाही. छाती काढून सांगायचं:

"चालत नाही हो अजून. पण थांबते एक नंबर!"

(दगड उचलतो, स्टुलाच्या पायाशी टेकवतो, पुन्हा नमस्कार करतो. जाता जाता स्टुलाला हलकेच धक्का देऊन बघतो. स्टूल हलत नाही. मान डोलावतो. अंधार.)