बुशसाहेबांची बाजू घ्यायला शिका

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची बाजू घ्यायची, तर पहिला धडा सोपा आहे. कुणी काहीही विचारलं तरी '११ सप्टेंबर' म्हणायचं, प्रश्न इराकचा असला तरीही. इराकचा त्या हल्ल्याशी संबंध काय, असं कुणी खोदून विचारलंच, तर दुखावल्यासारखा चेहरा करायचा. (हा चेहरा आठवडाभर आरशासमोर घोटावा.)

युद्धाच्या एकाच कारणाला चिकटून बसलात तर तोंडघशी पडाल. ५ फेब्रुवारी २००३ रोजी त्यांचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इवलीशी कुपी चिमटीत धरून दाखवली, तेव्हा कारण होतं महासंहारक अस्त्रं. ती सापडेनात, तेव्हा लोकशाही पुढे करायची. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्याच तपास पथकाने साठे नव्हतेच म्हणून सांगितलं, तोवर तुम्ही 'मग काय, सद्दाम राहायला हवा होता?' इथवर पोचलेलं असलं पाहिजे.

खरी मेहनत शब्दांवर. 'छळ' तोंडातून गेला की डाव गेला. 'कठोर चौकशी' म्हणा. ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातल्यांना युद्धकैदी म्हणू नका, मागोमाग जिनिव्हा करार येतात. ११ सप्टेंबरच्या कटाचा सूत्रधार म्हणून पकडलेल्या खालिद शेख महंमदला एका महिन्यात १८३ वेळा पाण्याने गुदमरवलं, असा आकडा कुणी तोंडावर फेकला तर शांतपणे न्याय खात्याचं २००२ चं टिपण सांगा: अवयव निकामी होण्याइतकी वेदना असेल तरच तो शारीरिक छळ.

इथे बुश यांचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना गुरू मानावं. डिसेंबर २००२ मध्ये त्यांच्यापुढे ग्वांतानामोतल्या चौकशीच्या तंत्रांचा कागद मंजुरीला आला. त्यात कैद्याला सलग ४ तासांपर्यंत उभं ठेवायची मुभा होती. साहेबांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: मी दिवसाला ८ ते १० तास उभा असतो, मग ४ तासांचीच मर्यादा का? वाः! असं सुचायला अंगचं लागतं. त्याच कागदात कपडे उतरवणं आणि कुत्र्यांची भीती घालणंही होतं, आणि साहेब उभे राहायचे ते सुटाबुटात, स्वतःच्या टेबलाशी. असले फाटे टीकाकार फोडतीलच. तुम्ही गुडघेदुखीवर बोलायला लागा.

शेवटचा हमखास प्रश्न त्या फलकाचा. १ मे २००३ रोजी बुश 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू नौकेवर उतरले आणि 'मोहीम फत्ते' अशा फलकापुढे बोलले. फौज इराकमध्ये राहिली ती २०११ पर्यंत. गडबडू नका. फलक खलाशांनी लावला, असं खुद्द बुश म्हणाले आहेत. (बनवून दिला व्हाइट हाउसने. हे कंसातच राहू द्या.)