सौ. फळमाशी यांस अनावृत पत्र

सौ. फळमाशी यांस,
मुक्काम पिकता हापूस, जिल्हा रत्नागिरी.

सा. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या आपल्या कामगिरीची सरकारदरबारी अजून कोणीच दखल घेतलेली नाही. करार करणाऱ्या मुत्सद्द्यांचे फोटो छापून येतात. आपण मात्र पाडाला आलेल्या फळाच्या सालीखाली गुपचूप अंडी घालता आणि अख्ख्या खंडाचा दरवाजा बंद करून दाखवता, तरी साधा शाल-श्रीफळाचा मान नाही. हा अन्याय दूर व्हावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या कारकिर्दीचा कळस म्हणजे २०१४ साल. त्या वर्षी युरोपीय संघाने नेमका महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, १ मेपासून भारतीय आंबा बंद केला. सोबत वांगे, कारले, पडवळ आणि अळूही. म्हणजे आमरसाबरोबर अळूवडीही गेली. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडल्याचे कारण देण्यात आले. ब्रिटनला काळजी होती ती तिथल्या टोमॅटो-काकडीची, कारण तो धंदा ३२ कोटी पौंडांचा. लेस्टरमधले दुकानदार आणि त्यांचे खासदार यांनी पुष्कळ आरडाओरडा केला. इकडे हंगाम ऐन भरात, आणि परदेशी जायच्या पेट्या देशी बाजारात उतरलेल्या. पुढच्या हंगामाआधी, जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली.

आपल्याविषयीची भीती खोटी आहे, असे कोणी म्हणत नाही. कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्स गावात आपले कुटुंबीय सापडले, तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने दोन हजारांहून अधिक घरांच्या परसातली फळे उतरवून नेली. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा करारही सांगतो, की आपापली पिके वाचवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. फक्त त्याला शास्त्राचा आधार हवा. शास्त्राचा निकाल किती वर्षांत लावायचा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

अमेरिकेने तो ठरवायला सुमारे १८ वर्षे घेतली. १९८९ पासून तिथे भारतीय आंब्याला मज्जाव होता. आपल्या जोडीला कोयीतल्या भुंग्याचेही नाव त्या खटल्यात होते. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश दिल्लीला आले. अणुकराराची बोलणी झाली आणि त्याच बैठकीत आंब्याचेही जमले. एप्रिल २००७ मध्ये भारताने हार्ले-डेव्हिडसनच्या अवजड मोटरसायकलींसाठी धुराचे नियम सैल केले आणि त्याच महिन्यात आंब्याच्या पेट्या अमेरिकेला निघाल्या. भुंगा तोच, कोय तीच. तरीही तो एकाएकी निरुपद्रवी कसा ठरला, हे आपण त्यालाच विचारावे.

निरुपद्रवी ठरण्याचा विधी मात्र कडक होता. रत्नागिरीचा आंबा आधी कांद्याच्या लासलगावला न्यायचा, तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पात त्याला किमान ४०० ग्रेचा गॅमा किरणांचा डोस द्यायचा, समोर अमेरिकन निरीक्षक उभा, आणि त्याचा खर्च भारतीयांच्या माथी. पुढे ही सोय वाशीलाही झाली. जपानने २० वर्षांनी, २००६ मध्ये दार उघडले, पण त्याला किरण नकोत, वाफ हवी: ४७.५ अंशांवर २० मिनिटे. युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर डुंबायचे. एकाच कलमावरून, एकाच झेल्याने उतरवलेले तीन आंबे अशी तीन सासरांची तीन सोवळी पाळतात.

पण हल्ली आपल्या नोकरीवरच गदा येते आहे, हे कळवताना वाईट वाटते. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत किरण दिलेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडल्या. माशी एकही नव्हती. पीपीक्यू २०३ नावाचा फॉर्म चुकला होता. तो अमेरिकन देखरेखीखालीच भरला गेला होता. माल परत आणणे परवडेना, म्हणून निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट केला. नुकसानीचा अंदाज पाच लाख डॉलर. ऑगस्टमध्ये तर ट्रम्प यांनी रशियन तेलाचे निमित्त करून भारतीय मालावरची वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन घरांतली किराणा बिले फुगली, तेव्हा चहा, कॉफी, मसाले आणि उष्ण प्रदेशातली फळे ‘परस्पर शुल्क’ नावाच्या जकातीतून वगळली गेली. या साऱ्यात कीटकशास्त्रज्ञाला कोणी फोनही केला नाही.

कुंपण घालणारे फक्त परके, असा मात्र आपला समज होऊ नये. काजूचेच घ्या. कारखानदाराला आफ्रिकेतली काजू बी स्वस्त हवी होती आणि परदेशी काजूगर महाग. २०१८ च्या अर्थसंकल्पात बीवरचे आयात शुल्क ५ वरून २.५ टक्क्यांवर आले आणि २०१९ मध्ये गरावरचे ४५ वरून ७० टक्क्यांवर गेले. कोकणातल्या बागायतदाराला बीवरच जकात वाढवून हवी. तो निवेदने देत राहिला. काजूकतली खाणारा मात्र निवेदन घेऊन मंत्रालयात गेल्याचे ऐकिवात नाही. त्याचे नुकसान किलोमागे काही रुपयांचे. तेवढ्यासाठी मोर्चा कोण काढतो? ज्यांचा फायदा गठ्ठ्याने होतो, ते मूठभर लोक मंत्र्याची भेट मिळवतात, आणि राजपत्रात तेच उमटते.

हापूसचेही तेच. मलावीत कोकणातल्याच कलमांवर वाढलेला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला उतरतो, तेव्हा लंडनने दार उघडावे म्हणणाऱ्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात. कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत शिरू नये, म्हणून २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन पुढे केले जाते. नावाची ती चोरी खरीच आहे, जशा आपणही खऱ्या आहात. खऱ्या कारणाच्या आडोशाला सोयीचे कारण छान लपते, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे.

तेव्हा पुढच्या वाटाघाटींत आपणांस शिष्टमंडळात घ्यावे, अशी शिफारस करीत आहोत. कळावे, लोभ असावा.

रत्नागिरीच्या बागायतदारांच्या वतीने
(त्यांना न विचारता)

ता. क. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बागेत टांगलेला आहे. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला फक्त नर भुलतात. यजमानांना सांभाळावे.